‘घोरतोय, झोपू दे’ : ओपिऑइडच्या ओव्हरडोसने होणारे मृत्यू कसे थांबतील?

आडवाट

माझा धाकटा भाऊ गेला त्या रात्री आम्ही तिघंही घरात होतो. आई, बाबा आणि मी. रात्री दीडच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर त्याच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. दाराला आतून कडी होती. मी हाक मारणार तेवढ्यात आई म्हणाली, “घोरतोय, झोपू दे. किती महिन्यांनी गाढ झोपलाय.” सकाळी दार तोडावं लागलं.

या गोष्टीला सात वर्षं झाली. त्या घोरण्याबद्दल आज मला जे माहीत आहे ते त्या रात्री घरातल्या एकाला जरी माहीत असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही. म्हणून हा धागा.

ती झोप नव्हती. ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली औषधं : मॉर्फिन, हेरॉइन ऊर्फ गर्द, कोडीन, ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन, फेंटानिल. यांची मात्रा जास्त झाली की मेंदूचं श्वासावरचं लक्ष सुटतं. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि अडलेल्या वाटेतून हवा जाताना घरघर होते. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस घोरतोय. मग दोन श्वासांतलं अंतर वाढत जातं. हे सगळं व्हायला कधी काही मिनिटं लागतात, कधी दोन-तीन तास.

भावाची सुरुवात पाठीच्या ऑपरेशननंतर मिळालेल्या गोळ्यांनी झाली होती. गोळ्या मिळायच्या थांबल्या तेव्हा तो गर्दकडे वळला. आम्हाला कळायला दोन वर्षं लागली. शेवटी तो स्वतःहून व्यसनमुक्ती केंद्रात गेला, तीन महिने राहिला, वजन वाढवून हसत घरी आला. अकराव्या दिवशी गेला.

लोक म्हणाले, “एवढं करूनही सुधारला नाही.” मीसुद्धा काही काळ तसंच समजत होते. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की तो नेमक्या कुठल्या दिवसांत गेला याला अर्थ आहे. हे औषध रोज घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते, दुसऱ्याला मारेल ती मात्रा त्याला पेलते. काही आठवडे बंद ठेवलं की सवय उतरते, ओढ मात्र तशीच राहते. मग एका वाईट संध्याकाळी तो जुनीच मात्रा घेतो. हात जुना असतो, शरीर नवीन असतं.

यावर लंडनमधल्या संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. दाखल होऊन उपचार घेतलेल्या १३७ रुग्णांचा त्यांनी नंतर माग ठेवला. चार महिन्यांत तिघे ओव्हरडोसने गेले. तिघेही उपचार पूर्ण करून, शरीर पूर्ण ‘स्वच्छ’ करून बाहेर पडलेल्यांपैकी होते. अर्धवट सोडून गेलेल्यांपैकी त्या काळात ओव्हरडोसने कोणी गेलं नाही. आकडा लहान आहे, त्यावरून फार मोठं अनुमान काढू नये. पण मी ते पान वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

तुरुंगातून सुटणाऱ्यांचं चित्र याहून ठळक आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ३०,२३७ सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका त्या राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट होता. एकशे एकोणतीस पट! सुटकेची तारीख आधीपासून माहीत असते. म्हणजे धोका कोणाला आहे आणि कधी आहे, हे सरकारला आधीच ठाऊक असतं. ज्याची तारीख कॅलेंडरवर आहे तो मृत्यू अचानक आला असं कसं म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे १,२५,००० माणसं ओपिऑइडच्या ओव्हरडोसने गेली. हे मृत्यू बऱ्याचदा घरात होतात आणि पुष्कळदा जवळपास कोणीतरी असतं. त्या ‘कोणीतरी’ला काय दिसतं, त्याच्या हाताशी काय आहे आणि मदतीला फोन करायला तो का घाबरतो, या तीन गोष्टींवर सरकारने पैसा आणि कायदा लावावा असं माझं म्हणणं आहे. व्यसन संपवण्याच्या घोषणा सगळेच करतात. मेलेल्या माणसाचं व्यसन सुटत नाही.

जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे सांगावं.

पाणवठा

आडवाट, आधी तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. मी भूलतज्ज्ञ आहे. ही औषधं रोज माझ्या हातात असतात, म्हणून लिहितो.

शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूचा खालचा भाग ‘श्वास घे’ असा हुकूम सोडतो. ओपिऑइड तो हुकूम दाबतात. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही हे दिवसातून अनेकदा मुद्दाम घडवतो आणि तिथे कोणी मरत नाही, कारण श्वास द्यायला माणूस उभा असतो. तेच औषध, तोच परिणाम, फरक फक्त शेजारी कोण आहे एवढाच. तुम्ही मांडलेला मुद्दा वैद्यकीय दृष्टीनेही अगदी बरोबर आहे.

खुणा सांगतो, कोणीतरी लक्षात ठेवील. हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासूनही माणूस जागा होत नाही. श्वास मिनिटाला आठाहून कमी किंवा अडखळत. बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ओठ निळे, पण सावळ्या माणसात निळेपणा पटकन दिसत नाही, रंग राखेसारखा होतो. अशा वेळी ओठांच्या आतली बाजू आणि नखं बघावीत. घोरल्यासारखी घरघर असेल आणि माणूस हलवून उठत नसेल तर ती झोप समजू नये.

नॅलॉक्सोन हा यावरचा उतारा. १९६१ साली त्याचं पेटंट नोंदवलं गेलं, १९७१ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. ओपिऑइड मेंदूत ज्या जागी बसतो तिथून त्याला उठवून हे स्वतः बसतं. नाकात फवारलं तर दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. शरीरात ओपिऑइड नसेलच तर ते काहीही करत नाही, म्हणून ‘चुकून दिलं तर’ ही भीती निराधार आहे. मर्यादा एकच : परिणाम ३० ते ९० मिनिटं टिकतो. मेथाडोनसारखं लांब टिकणारं ओपिऑइड घेतलेलं असेल तर माणूस उठतो, बोलतो आणि तासाभराने पुन्हा बुडतो. म्हणून फवारा दिला तरी रुग्णवाहिका बोलवायची आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर धोका कितीतरी वाढतो. त्यांच्यावर नॅलॉक्सोन चालत नाही, पण तरीही द्यावं, कारण श्वास बंद करण्यात ओपिऑइडचा वाटा असतोच.

शेवटचा_बाक

विषय गंभीर आहे आणि आडवाट यांचं दुःख खरं आहे, तरी एक शंका स्पष्टपणे मांडतो. उतारा खिशात असला की माणूस जास्त बेफिकीर होणार नाही का? सुया वाटा, फवारे वाटा, नशा करायला खोली द्या... यातून आपण व्यसनालाच हातभार लावत नाही ना? ज्यांच्या घरात हे झालेलं नाही अशा करदात्याने याचा खर्च का करावा? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

आडवाट

प्रश्न विचारलात हे बरं केलंत, बहुतेक लोक मनात ठेवतात.

नॅलॉक्सोन मिळाल्यावर त्या माणसाला काय होतं ते आधी ऐका. एका क्षणात टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास सुरू होतो. अंग फुटतं, उलट्या, घाम, थरथर. शुद्धीवर आलेला माणूस कित्येकदा चिडलेला असतो. हा अनुभव पुन्हा मिळावा म्हणून कोणी जास्त नशा करत नाही. शिवाय उतारा स्वतःला देता येत नाही, बेशुद्ध माणूस काय देणार? तो दुसऱ्याच्या खिशात असावा लागतो. आमच्या घरात तो माझ्या पर्समध्ये असायला हवा होता.

निळीशाई

@शेवटचा_बाक, तुमची शंका अभ्यासकांनीही तपासली आहे. अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये असा निष्कर्ष मांडला होता की नॅलॉक्सोन सुलभ केल्याने बेफिकिरी वाढते. त्यांच्या पद्धतीवर सार्वजनिक आरोग्यवाल्यांनी बरीच टीका केली. दुसऱ्या बाजूला मॅसॅच्युसेट्समधल्या १९ ठिकाणांचा अभ्यास आहे (२०१३) : जिथे मित्र-नातेवाइकांना शिकवून नॅलॉक्सोन दिलं गेलं तिथे ओव्हरडोसचे मृत्यू, न दिलेल्या ठिकाणांच्या तुलनेत कमी झाले आणि जितके जास्त लोक शिकले तितके जास्त कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये हेच म्हटलं : ओव्हरडोस बघण्याची शक्यता असलेल्या कोणाच्याही हाती हे औषध पोहोचावं. स्कॉटलंडने तर २०११ पासूनच राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि त्यात तुरुंगातून सुटणाऱ्यांना नॅलॉक्सोनचा संच देण्याची सोय होती. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. १९७१ ते २०२३, मोजा वर्षं.

आता मोठ्या धोरणाकडे येतो, कारण फवारा ही शेवटची भिंत आहे. तिच्या अलीकडे बरंच करता येतं.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण फ्रान्सचं आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. १९९५ च्या सुमाराला तिथे कुठल्याही साध्या डॉक्टरला, वेगळा परवाना किंवा खास प्रशिक्षण न घेता, ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा मिळाली. हे औषध स्वतः ओपिऑइडच आहे, पण अर्धवट काम करतं. ओढ आणि टर्की थांबवतं, श्वासावरचा परिणाम मात्र एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. चार-पाच वर्षांत हेरॉइनच्या ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. मोठ्या इमारती नाहीत, मोहिमा नाहीत. कोपऱ्यावरचा डॉक्टर, चिठ्ठी आणि औषध.

अमेरिकेने नेमकं उलट केलं. तिथल्या डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन लिहायला २००० च्या कायद्यापासून खास परवानगी लागायची, रुग्णसंख्येवर बंधन असायचं. त्याच डॉक्टरला वेदनाशामक ऑक्सिकोडोन लिहायला मात्र असलं काही लागत नव्हतं. रोग देणारं औषध सोपं, त्यातून काढणारं अवघड! ही अट डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली. तोपर्यंत वर्षाला सर्व प्रकारच्या अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने १ लाखाहून जास्त माणसं मरत होती, त्यातली तीन चतुर्थांश ओपिऑइडने. २०२४ मध्ये तो आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. का उतरला यावर एकमत नाही. नॅलॉक्सोन, उपचार, बाजारातल्या फेंटानिलमधला बदल, सगळ्यांचा वाटा असेल.

आडवाट यांच्या कॅलेंडरच्या मुद्द्यावर : ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ पासून तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन किंवा नाल्ट्रेक्सोन ही व्यसनावरच्या उपचाराची औषधं सुरू ठेवायला सुरुवात केली आणि सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्याशी जोडून दिलं. वर्षभरात सुटलेल्यांमधले ओव्हरडोसचे मृत्यू ६१ टक्क्यांनी घटले.

रातराणी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. कृपया वाचा.

माझ्या बाबांना हाडांपर्यंत पसरलेला कर्करोग होता. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना मॉर्फिन मिळावं म्हणून मी ज्या चकरा मारल्या त्या आठवल्या की अजून हात थरथरतो. एका रुग्णालयात सांगितलं, “हे ठेवत नाही, फार कटकट असते.” दुसरीकडे डॉक्टर म्हणाले, “सवय लागेल.” जो माणूस सहा आठवडे जगणार त्याला सवय लागेल म्हणून रात्रभर ओरडू द्यायचं?

ओव्हरडोसवर चर्चा सुरू झाली की पहिली मागणी येते, ‘या औषधांवर कडक बंदी घाला.’ जगातलं बहुतेक मॉर्फिन मूठभर श्रीमंत देशांत वापरलं जातं, बाकीच्या जगात मरणारे तसेच तळमळत मरतात. ते कोणाच्या आकडेवारीत ओव्हरडोस म्हणून येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी धागेही निघत नाहीत.

आडवाट

रातराणी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या लेखात हे यायला हवं होतं. तुमच्या बाबांना औषध न मिळणं आणि माझ्या भावाला गोळ्यांची पाकिटं भरभरून मिळणं, दोन्हीकडे रुग्णाकडे नीट बघणारा माणूस नव्हता. भावाला गोळ्या देताना कोणी सांगितलं नाही की किती दिवस घ्यायच्या, कशा उतरवायच्या. आणि बंद करताना एका दिवसात बंद केल्या.

निळीशाई

रातराणी यांच्या मुद्द्याला जोडून. ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे ऑक्सिकोडोनचीच गोळी, १९९६ मध्ये बाजारात आलं ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ असं डॉक्टरांना पटवत. ते बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. नंतर अमेरिकेत लंबक उलट्या बाजूला गेला. २०१० मध्ये त्या गोळीची घडण बदलून ती कुटून ओढता येणार नाही अशी केली. हेतू चांगला होता. पण ज्यांना आधीच सवय लागली होती त्यांच्यातले अनेक जण हेरॉइनकडे गेले आणि हेरॉइनचे मृत्यू झपाट्याने वाढले. २०१६ मध्ये वेदनाशामकांबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांचा अर्थ कित्येक डॉक्टरांनी ‘सरसकट कमी करा’ असा लावला. वर्षानुवर्षं औषधावर असलेल्या रुग्णांची मात्रा एकाएकी तोडली गेली. २०२२ मध्ये त्या सूचना सुधाराव्या लागल्या.

पुरवठा तोडला पण उपचार मांडून ठेवला नाही, तर माणूस मधल्या खड्ड्यात पडतो. आडवाट यांचा भाऊ त्याच खड्ड्यात पडला.

उंबरठा

नेहमी नुसता वाचतो. आज लिहितोय, नाव लपवून.

मी सहा वर्षं ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. त्याआधी नऊ वर्षं गर्द. चार वेळा केंद्रात जाऊन आलो, चारही वेळा ‘कोरडा’ होऊन बाहेर पडलो, चारही वेळा स्लिप झाली. दुसऱ्या वेळी मी मेलोच होतो. आम्ही तिघे एका बंद पडलेल्या इमारतीच्या जिन्यात होतो. मी निळा पडलो. एक जण पळाला. दुसरा थांबला, पण त्याने फोन करायला वेळ घेतला. नंतर त्याने मला सांगितलं, “फोन केला असता तर पोलीस आले असते, माल खिशात होता.” त्याने तो माल आधी गटारात टाकला आणि मग फोन केला. तेवढा वेळ तो माझ्या तोंडात श्वास भरत होता, सिनेमात पाहिलं होतं म्हणून. त्याच्यामुळे मी आहे. तो मात्र आता नाही, त्याच्या वेळी जवळ कोणी नव्हतं.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये आणि कॅनडाने २०१७ मध्ये कायदा केला, की ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर जवळ अंमली पदार्थ बाळगल्याचा खटला भरायचा नाही. असा कायदा असला तरी तो जिन्यात बसलेल्या पोराला माहीत पाहिजे, आणि हवालदारालाही.

दुसरं. माझे काका दर सणाला विचारतात, “ते औषध कधी सुटणार? एक व्यसन सोडून दुसरं धरलंस.” मी नोकरी करतो, मुलीला शाळेत सोडतो, सकाळी जिभेखाली गोळी ठेवतो. मधुमेहवाल्याला कोणी विचारत नाही की इन्सुलिन कधी सुटणार. २००५ पासून मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, हे मी काकांना छापून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, काही बोलले नाहीत. पण त्यानंतर विचारलं नाही.

आणि विनंती, ‘गर्दुल्ला’ हा शब्द इथे कोणी वापरला नाही त्याबद्दल आभार. तो शब्द ऐकू आला की आम्ही दवाखान्याच्या रांगेतून परत फिरतो.

शेवटचा_बाक

उंबरठा, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा पहिला प्रश्न पुन्हा वाचला. ‘करदात्याने का’ हा भाग मागे घेतो.

एक मुद्दा मात्र अजून पटलेला नाही. स्वतःपुरता अंमली पदार्थ बाळगणं गुन्हा न मानणाऱ्या पोर्तुगालचं उदाहरण सगळे देतात, पण अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने तेच करून पाहिलं आणि त्यांना माघार घ्यावी लागली. मग गुन्हा न मानणं हा उपाय आहे की नाही?

निळीशाई

रास्त प्रश्न आहे, आणि याचं सोपं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पोर्तुगालमध्ये नव्वदच्या दशकाअखेर लोकसंख्येच्या साधारण एक टक्का लोक हेरॉइनच्या विळख्यात होते. २००१ पासून दहा दिवसांपुरता साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. पण पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला एका तीन जणांच्या समितीपुढे जावं लागतं. तिथून तो उपचाराकडे वळवला जातो. त्याच काळात उपचारांचं जाळं, मेथाडोन, सुयांची अदलाबदल यांवर सरकारने खर्च वाढवला. म्हणजे शिक्षा काढली त्या जागी काहीतरी ठेवलं.

ऑरेगॉनच्या मतदारांनी २०२० मध्ये कौल दिला, फेब्रुवारी २०२१ मध्ये शिक्षा गेली, पण उपचारांचा पैसा संस्थांपर्यंत पोहोचायला फार उशीर झाला. समितीसारखं काही नव्हतं. दंडाची पावती आणि एक फोन नंबर, ज्यावर फारच थोड्यांनी फोन केला. नेमक्या त्याच काळात फेंटानिल पश्चिम किनाऱ्यावर पसरलं, त्यामुळे वाढलेल्या मृत्यूंपैकी किती कायद्यामुळे आणि किती फेंटानिलमुळे यावर अभ्यासकांत वाद आहे. सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानेही २०२३ मध्ये मुभा दिली आणि २०२४ मध्ये सार्वजनिक जागांपुरती मागे घेतली.

मी यातून एवढंच घेतो की तुरुंगाचं दार बंद करताना दवाखान्याचं दार आधी उघडं असावं लागतं. स्वित्झर्लंडने हे क्रमाने केलं. झुरिकमधली ‘सुयांची बाग’, जिथे उघड्यावर नशा चालायची, ती १९९२ मध्ये नुसती बंद केली तेव्हा लोक फक्त दुसऱ्या जागी गेले. १९९४ पासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देण्याचा उपचार आला तेव्हा चित्र बदलू लागलं. २००८ मध्ये ६८ टक्के मतदारांनी तो कायम केला, आणि स्विस मतदार काही उधळे म्हणून प्रसिद्ध नाहीत.

देखरेखीखाली नशा करायच्या खोल्यांबद्दलही विचारलं होतंत. पहिली १९८६ मध्ये बर्नला सुरू झाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरमधली २००३ ची. तिच्या ५०० मीटर परिसरात ओव्हरडोसचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले, उरलेल्या शहरात ९ टक्क्यांनी. पाणवठा यांनी ऑपरेशन थिएटरबद्दल जे लिहिलं तेच तिथे होतं, शेजारी श्वास देणारा माणूस असतो.

सांजवात

सगळा धागा आज दुपारी बसून वाचला. माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. येत्या शनिवारी केंद्रातून घरी येतोय, साडेतीन महिन्यांनी. आम्ही खोली रंगवून घेतली आहे. हे वाचून हातपाय गार पडलेत. मी काय करू? त्याला विचारायचं तरी कसं, वाटेल आईचा विश्वासच नाही.

आडवाट

सांजवात ताई, शनिवारच्या आधी केंद्राच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. एक, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन सुरू करून पाठवता येईल का, आणि नाही तर का नाही. दोन, नॅलॉक्सोन घरी ठेवायला मिळेल का आणि ते द्यायला तुम्हाला कोण शिकवील. तीन, घरी आल्यावर पहिली भेट कुठे आणि कुठल्या तारखेला. ‘गरज वाटली तर या’ असं म्हणाले तर तारीख मागा.

मुलाशी बोलताना त्याच्या वागण्यावर नका बोलू, शरीरावर बोला. ‘तुझं शरीर आता पहिल्यासारखं नाही, जुनी मात्रा तुला पेलणार नाही. कधी पाय घसरलाच तर एकटा असताना नको, दार लावून नको, आणि मला उठव. मी रागावणार नाही.’ हे वाक्य आईच्या तोंडून निघणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे. आमच्या घरात कोणी म्हणालं नाही. आम्हाला वाटलं, नाव काढलं तर आठवण होईल.

पाणवठा

ताई, भर घालतो. रात्री विचित्र घोरणं ऐकू आलं तर जाऊन हलवा. तो चिडला तर उत्तम, चिडणारा माणूस श्वास घेत असतो. उठला नाही तर रुग्णवाहिकेला फोन, नॅलॉक्सोन असेल तर एका नाकपुडीत, मान मागे करून नाक दाबून दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा, दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी अडकणार नाही. थंड पाणी मारणं, मीठ-पाणी पाजणं, चालवणं यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

उंबरठा

ताई, त्याच्या बाजूने सांगतो. आईने मला असं विचारलं असतं तर मला राग आला असता, आणि रात्री झोप लागली असती.

सांजवात

डॉक्टरांशी बोलले. पहिल्यांदा म्हणाले, “आता त्याला कशाचीच गरज नाही, पूर्ण बरा आहे.” मी कागदावर लिहून नेलेले तिन्ही प्रश्न वाचून दाखवले. मग त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. गोळी सुरू केली आहे, पुढची भेट बुधवारी आहे. नॅलॉक्सोन दुसऱ्या रुग्णालयातून मिळालं, इंजेक्शनच्या रूपात. तिथल्या परिचारिकेने संत्र्यावर तीनदा टोचून घ्यायला लावलं.

आडवाट

ताई, शनिवारी रात्री इथे एक ओळ लिहाल का?

सांजवात

आला. खोलीचा रंग आवडला म्हणाला. मी ते वाक्य म्हणाले, पाठ करून ठेवलं होतं तरी मधेच अडकले. तो बराच वेळ गप्प होता, मग स्वतः स्क्रू-ड्रायव्हर मागितला आणि दाराची आतली कडी काढून माझ्या हातात दिली. आत्ता साडेबारा वाजलेत. दार लोटलेलं आहे. घोरत नाहीये, मी आत्ताच बघून आले.